पापण्यांना पाणी वर्ज्य

३ मार्च, मंगळवार

डोळ्यावरची पट्टी निघाली. जग पुन्हा दिसायला लागलं — फार काही चुकलं नव्हतं. खोलीच्या भिंती सायीच्या रंगाच्या आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते, त्या पांढऱ्याफटक आहेत. आणि भावजयीच्या कपाळावर दोन आठ्या आहेत, त्या मला आजवर दिसल्याच नव्हत्या. डॉक्टर कौतुकानं म्हणाला, बघा, कसं लख्ख झालं. म्हटलं, हो ना, धूळसुद्धा दिसते आता.

पथ्य असं: वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. दिवसातनं चारदा थेंब. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पुढच्या महिन्यात काढायचा. तोवर अर्धं जग स्वच्छ, अर्धं धुकट. बातमीदारीत जन्म घालवलेल्या बाईला यात नवं काही नाही.

थेंब भावजय घालते. मला जमत नाही. बाटली जवळ आली की पापणी आपोआप मिटते, जशी काही कुणी लाच मागायला आलंय. ती अंगठ्यानं खालची पापणी ओढून धरते, वरून वाकते आणि म्हणते, वर बघा. तिचा चेहरा इतका जवळ येतो की श्वास लागतो. आज तिच्या पापण्या नीट पाहिल्या. आखूड, सरळसोट, खाली उतरलेल्या — दुकानापुढच्या पत्र्याच्या छपरासारख्या. लग्न होऊन आली तेव्हा मी तिचं नाव 'मृगाक्षी' ठेवलं. बिचारी खूष झाली होती. मला त्या डोळ्यांतलं सौंदर्य नव्हे, भित्रेपण म्हणायचं होतं. हे तिला अजून कळलेलं नाही. संस्कृत शिकण्याचा हा एक फायदा — तोंडावर बोललं तरी चालतं.

ती मला एरवी 'ताई' म्हणते. रागावली की 'वन्सं'. तेही वर्षातनं एखाद्या वेळी.

संध्याकाळी ती दुकानात गेली आणि नेमका बंधुराजांचा फोन आला. दोन वर्षं झाली नोकरीसाठी परगावी जाऊन. पहिला प्रश्न — ताई, एकटी आहेस ना? या प्रश्नानंतर चांगली बातमी आलेली मी तरी ऐकली नाही.

तिथे त्याचं कुणीतरी आहे. दीड वर्ष एकत्र राहतायत. पंधरा तारखेला, रविवारी, येतोय तो हे सांगायला. एक रात्र राहणार आणि परत. तिकीट महिन्यापूर्वीच काढलंय, बायकोला तारीखही तेव्हाच कळवलीय. कशाला येतोय, तेवढं कळवलेलं नाही. मला बजावलं, तिच्याजवळ ब्र काढू नकोस. म्हणाला, "मला समोरासमोर सांगायचंय. तेवढा सन्मान तिला द्यायला हवा."

सन्मान! शब्द बिचारे कुठे कुठे राबतात.

मी विचारलं, आणि माझं काय? त्याला वाटलं, माझ्या मनाचं विचारतेय. म्हणाला, तुला वाईट वाटणारच गं. मी थेंबांबद्दल विचारत होते.

४ मार्च, बुधवार

सकाळी थेंब घालता घालता तिनं विचारलं, काल फोन कुणाचा होता, जिन्यात होते तेव्हा तुमचा आवाज आला.

"तुझ्या नवऱ्याचा. गाडीची वेळ सांगत होता."

"एवढंच?"

"एवढंच."

थेंब पडला. चुरचुरला. पापणी तिनं लगेच सोडली नाही, जरा वेळ तशीच ओढून धरली. मग म्हणाली, हलू नका, बाहेर येतोय.

अप्रिय सत्य बोलू नये असं शास्त्र सांगतं. ते लिहिणाऱ्या ऋषींना बहुधा नणंद नसावी, नाहीतर त्यांनी एवढ्यावर थांबवलं नसतं. मी शास्त्राच्या बाजूची आहे. शिवाय साधा विचार आहे — आज सांगितलं तर उद्या ती माहेरी जाईल. माहेर एका दिवसाच्या प्रवासावर. मग मी एका डोळ्यानिशी या घरात चहाची पातेली शोधत बसणार. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे. पातेली कुठे असतात हे मात्र फक्त तिला माहीत आहे.

दुसरा डोळा झाला की सांगेन. त्याच्या आधी तोच येऊन सांगेल हे खरं. पण मग निदान मी सांगितलेलं नसेल. आणि कुणी सांगावं, दोन दिवस रडून ती इथेच राहीलही. जायला तिला आहे कोण? एक म्हातारी आई, आणि तिला ऐकू येत नाही.

५ मार्च, गुरुवार

मृगाक्षीला नवीन हौस आलीय — मला स्वतःचे थेंब स्वतः घालायला शिकवायची. आरशासमोर उभं केलं. एक थेंब गालावर, एक नाकावर, एक चक्क कानात. म्हटलं, पंचावन्नाव्या वर्षी ही नवी विद्या कशाला, तू आहेस ना? ती बाटली पुसत म्हणाली, "जमेल, ताई. दुसरं कुणी नसलं की सगळं जमतं."

फार हसले मी. ती पण हसली असावी. ती माझ्या धुकट बाजूला उभी होती.

७ मार्च, शनिवार

सकाळपासून कपाटाची आवराआवर. नवऱ्याचे जुने शर्ट झटकून, घड्या घालून एका बाजूला. तिचे कपडे दुसऱ्या बाजूला. म्हटलं, स्वागताची तयारी जोरात दिसते! म्हणाली, जागा करतेय.

मग चहाच्या वेळी, जशी काही गॅस संपल्याची बातमी द्यावी तशी, जाहीर केलं — पुढच्या शनिवारी पापण्यांना पर्म करून घेणार आहे.

मला आधी ऐकण्यात चूक वाटली. केसांना पर्म माहीत आहे. आमच्या ऑफिसात टेलिफोनवरची बाई करायची आणि महिनाभर वादळात सापडल्यासारखी दिसायची. पण पापण्यांना? तर म्हणे हो. औषध लावून वळवतात. काजळाची कांडी नको, चिमटा नको, सकाळी उठलं की डोळे आपले तयार. सहा आठवडे, कधी दोन महिनेही टिकतं.

म्हटलं, टिकण्याच्या बाबतीत बरं आहे मग. हल्ली एवढं काय टिकतं!

हे मी मुद्दाम बोलले. जीभ वळवळली. तिनं कप उचलून नेला.

यज्ञात बळी द्यायचा त्या पशूला आधी न्हाऊमाखू घालून सजवत असत. आमच्याकडे पापण्या वळवतात. वाक्य चांगलं झालंय. लेखात वापरता येणार नाही, ही एकच खंत.

लेख म्हणजे — दुपारी संपादकांचा फोन आला होता. रविवारच्या पानाला माझं सदर हवंय, पण हलकंफुलकं, मागच्या वेळसारखं धरणांवर नको. मी पापण्यांचा विषय सांगितला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुम्ही प्रत्यक्ष हजर राहा, म्हणाले, डोळ्यांनी बघून लिहा. एका डोळ्यानं लिहीन म्हटलं.

मृगाक्षीला विचारलं, मी बरोबर आले तर चालेल? वाटलं होतं लाजेल, नको म्हणेल. म्हणाली, या ना. मला बरंच वाटेल.

८ मार्च, रविवार

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत. साखर. मीठ. चहा. म्हटलं, अगं, मी आंधळी नाही, अर्धीच आहे.

११ मार्च, बुधवार

आज सांगायचं असं पक्कं ठरवून घरातनं निघाले होते. डोळ्याची तपासणी होती. वाटेत सांगावं, रस्त्यात माणसं फार रडत नाहीत.

पण वाटेत ती माझं कोपर धरून चालत होती. पायरी आहे. इथे उंचवटा आहे. सायकल येतेय, थांबा. दर दहा पावलांना असं काही. मध्ये सांगायला फट कुठे?

डॉक्टर म्हणाला, छान भरून येतंय, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मात्र पहिले काही दिवस घरात कुणीतरी सोबत हवं. तिच्याकडे बोट करून मला विचारलं, या आहेत ना? तिनं माझ्याकडे पाहिलं, उत्तर माझ्याकडे असल्यासारखं. मी म्हटलं, आहे ना. जाईल कुठे!

डॉक्टर हसला. ती हसली. मीही हसले. सगळे खूष.

परत येताना सांगायचं राहून गेलं.

१२ मार्च, गुरुवार

बंधुराजांचा निरोप — काही बोलली नाहीस ना? कळवलं, नाही. लहानपणी लोणच्याची बरणी फोडली की आम्ही दोघं असेच एक व्हायचो. तेव्हाही मार तिसऱ्यालाच पडायचा.

१४ मार्च, शनिवार

सदरासाठी सगळं टिपून ठेवलंय. इथे फक्त माझ्यापुरतं लिहिते.

पार्लर म्हणजे एका औषधाच्या दुकानावरची लांबट खोली. एक उंच खाट, वर दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दिवा, भिंतीवर एका बाईच्या डोळ्याचं भलंमोठं चित्र — फक्त डोळा, बाकी बाई नाही. पापणीवाली तोंडाला मास्क लावलेली, चुणचुणीत पोरगी. माझा काळा चष्मा बघून म्हणाली, काकू, तुम्ही पण करून घ्या ना. म्हटलं, माझा डोळा कापलाय. तर म्हणे, मग नको बाई, आणि दोन पावलं मागे सरली. मी एका स्टुलावर बसले. बातमीदाराला नेहमी स्टूलच मिळतं.

मृगाक्षी आडवी झाली. चपला काढून, पाय जुळवून. आधी पापण्या पुसून कोरड्या केल्या. खालच्या पापण्या एका थंड पट्टीखाली दाबून टाकल्या. मग वरच्या पापणीवर सिलिकॉनची एक इवलीशी वळणदार उशी चिकटवली, तिच्यावर गोंद, आणि एकेक पापणी बारीक आकड्यानं उचलून त्या उशीवर चिकटवत गेली. भरतकाम करतात तसं. एकाही केसाला खाली पडू दिलं नाही. डोळे पुरते बंद. मग पहिलं औषध — ते केसातला ताठा मोडतं. वर पारदर्शक कागद. थोडं जास्त राहिलं तर केस जळून गुंतवळ होतं, म्हणून घड्याळ लावलं. त्यानंतर दुसरं औषध — ते नव्या आकाराला पक्कं करतं. आधी मोडायचं, मग मोडलेल्या आकारात कायम करायचं. लग्नसंस्थेशी साम्य आढळलं, पण संपादक कापतील.

वास मात्र नासक्या अंड्याचा.

पहिलं औषध लावून पोरगी खाली गेली. कुणी तरी हाक मारत होतं. खोलीत आम्ही दोघी. मी बघणारी, ती डोळे चिकटवलेली. इतके दिवस उलटं होतं. तिचा पायाचा अंगठा तेवढा हलत होता.

ओठ फार न हलवता ती म्हणाली, "ताई, काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. मला उठून जाता येणार नाही, डोळे उघडता येणार नाहीत. अशी सोय परत मिळायची नाही."

आवाज थट्टेचा होता. थट्टेचाच असणार. घड्याळ टिकटिकत होतं. मी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. सांगता आलं असतं. चार शब्द होते. त्या चार शब्दांनंतरचा महिना डोळ्यांपुढे उभा राहिला — पट्टी, अंधार, आणि मी डब्यांवरची अक्षरं बोटांनी चाचपतेय.

"एवढंच सांगायचंय की वास मारतोय."

ती हसली. फक्त ओठांनी, चेहरा हलवायची बंदी होती.

पोरगी वर आली, पुढचं सगळं झालं, उशा निघाल्या. भावजयीनं डोळे उघडले. खरं लिहायचं तर — सुंदर दिसत होती. पापण्या अर्धचंद्रासारख्या वर वळलेल्या, डोळे दुप्पट झालेले. माझा एक नवा डोळा आणि एक जुना, दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर एवढं काही शिल्लक असतं, हे ज्यानं बघायला हवं होतं त्याला उद्या बघायचं नाहीये.

पोरीनं पथ्यं सांगितली. एक अख्खा दिवस पाणी नाही. वाफ नाही. उशीत तोंड खुपसून झोपायचं नाही. "आणि रडायचं तर मुळीच नाही हं, काकू. रडलात की सगळं पुन्हा सरळ."

"म्हणजे उद्या पाचपर्यंत?"

"उद्या पाचपर्यंत."

"कितीही वाटलं तरी नाही?"

"अजिबात नाही."

तिनं मान डोलावली. पेपर सोडवून बाहेर आलेल्या मुलीसारखा चेहरा. मला हसू आवरेना. बंधुराज उद्या एकला पोचतायत! चार तासांनी चुकलं. एरवी ते गाडी चुकवण्यात पटाईत, उद्याच नेमके वेळेवर येतील.

पण मला एक पळवाट सापडली, आयती. आता आज सांगणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. सांगितलं की रडेल, रडली की पापण्या गेल्या. दोघींच्याही डोळ्यांना पाणी वर्ज्य आहे. वैद्यकीय कारण आहे!

१५ मार्च, रविवार

सकाळी थेंब. वळलेल्या पापण्या जवळून बघितल्या. म्हणाली, हे आज काय बोलतील कोण जाणे, तुम्हाला काय वाटतं? म्हटलं, तुझे डोळे बघून वाचाच जाईल त्याची. खोटं बोलण्याची एकदा लय सापडली की जुळत जातं, श्लोकासारखं.

बंधुराज एकच्या ठोक्याला आले. पोट सुटलंय, बूट मात्र चकचकीत. जेवायला बसला तेव्हा तिच्याकडे पाहून म्हणाला, "डोळ्यांना काय झालं? सुजलेत का?"

"पापण्या वळवून घेतल्या."

"हं." आणि भात मागितला.

जेवण झाल्यावर मी ठरल्याप्रमाणे झोपायला गेले. दार लोटून घेतलं, लावलं नाही. कानांचं ऑपरेशन झालेलं नाही माझ्या.

भाषण त्यानं पाठ केलं होतं. तुझ्यात काही कमी नाही. दोष कुणाचाच नसतो. तूही मोकळी होशील, विचार कर. शाळेत वक्तृत्वस्पर्धेत असाच बोलायचा. तेव्हाही उत्तेजनार्थ बक्षीस मिळायचं. मी रडण्याची वाट बघत होते. आवाज कसा असेल याचाही अंदाज बांधला होता — तिला मी कधी रडताना ऐकलेलं नाही.

काहीच नाही. फटीतनं पाहिलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, हनुवटी वर, नजर छताशी. मला थेंब घालताना बसवते, अगदी तशीच. पापणी लवत नव्हती. आम्हाला गुरुजींनी शिकवलं होतं, माणसाची पापणी लवते, देवांची लवत नाही; त्यावरून ओळखायचं. देवांना असं का करावं लागत असेल, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग तिनं वर बघतच विचारलं, "ताईंना माहीत होतं?"

"छे! तिला कशाला सांगू?"

"बरं," ती म्हणाली. "चहा टाकते."

बंधुराजांनी जन्मात एकदा माझ्यासाठी काही केलं असेल तर ते हे. मी पलंगावर येऊन पडले. हायसं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

चारच्या थेंबाला ती आली. मी विचारलं, काय गं, काय झालं, आवाज येत होते. हो, विचारलं मी. विचारलं नसतं तर संशय आला असता. म्हणाली, काही नाही, वर बघा.

पाचनंतर ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा केस ओले, आणि पापण्या तशाच वर. पापणीवाली प्रामाणिक निघाली. काम पक्कं केलंय.

१६ मार्च, सोमवार

बंधुराज उजाडताच गेले. जाण्याआधी माझ्या खोलीत येऊन बसले, तोंड पाडून. वाटलं, पश्चात्ताप झाला की काय. पण दुखणं वेगळंच.

"रडलीसुद्धा नाही गं ताई. चहा टाकला तिनं. इतक्या वर्षांत तिला माझ्याबद्दल काहीच वाटलं नसेल?"

दोन रुमाल आणले होते इस्त्री करून. एक त्याच्यासाठी, एक तिच्यासाठी. समजूत कशी घालायची तेही ठरवून आला असणार. दोन्ही रुमाल घडी न मोडता परत घेऊन गेला. कीर्तनकारानं ताल धरावा आणि समोर सतरंजीवर कुणीच नसावं, तसं त्याचं तोंड झालं होतं. मी त्याला सांगितलं नाही की ती केवळ पापण्यांच्या पथ्यामुळे रडली नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला. म्हणूनच सांगितलं नाही.

तो गेल्यावर पोटभर हसले. मृगाक्षीचा मूर्खपणाच तिच्या कामी आला! नवऱ्याला रिझवायला म्हणून केलं, आणि नेमकं त्यानंच त्याची जिरवली. विनाकारण मिळालेला विजय. सदराचा शेवट म्हणून झकास आहे, नावंगावं बदलली की झालं.

ती दिवसभर नेहमीसारखी. जाण्याचं काही बोलली नाही. राहील असं वाटतंय.

१७ मार्च, मंगळवार

लेख पूर्ण केला. पाठवायच्या आधी औषधांचा क्रम पक्का करून घ्यावा म्हणून पापणीवालीला फोन लावला. क्रम बरोबर होता. ती म्हणाली, काकू कशा आहेत, टिकलंय ना? म्हटलं, उत्तम.

मग ती म्हणाली, "रडल्या नाहीत ना? मला काळजीच होती. गेल्या महिन्यात चौकशीला आल्या, तर पहिलाच प्रश्न — तुमच्याकडे असं काही आहे का, की जे केल्यावर दिवसभर रडताच येत नाही? मला वाटलं गंमत करतायत. मी म्हटलं, आहे की, पापण्यांचं पर्म. तर म्हणाल्या, मग चौदाची संध्याकाळ द्या."

गेल्या महिन्यात. बंधुराजांनी मला फोन केला त्याच्या कितीतरी आधी.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. साखर. मीठ. चहा. मग तिच्या खोलीतलं कपाट उघडलं. तिची बाजू रिकामी. 'जागा करतेय' म्हणाली होती. जागा झालेली होती.

म्हणजे नवऱ्यासाठी नव्हतंच ते. त्याच्यापुढे रडायचं नव्हतं, आणि स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून बाहेरून कुलूप लावून घेतलं. माझ्याइतकं संस्कृत येत नाही तिला, पण हे सुचलं.

एक आहे — मला माहीत होतं, हे काही तिला कळलेलं नाही. बंधुराज स्वच्छ 'छे' म्हणाले आहेत. तेवढं तरी निभावलं.

लेख पाठवला. संपादकांचं उत्तर लगेच आलं — चुरचुरीत!

१८ मार्च, बुधवार

सकाळचा थेंब तिनं घातला. बॅग दाराशी उभी होती. खालची पापणी ओढून धरली, बाटली वर नेली, पण थेंब सोडेना.

"वन्सं, दिवसातनं चारदा तुमच्या डोळ्यांत बघत होते मी. इतकं जवळून. वाटलं होतं, एकदा तरी सांगाल."

मग सोडला.

दुपारचा माझा मी घातला. पहिल्याच खेपेला जमला.